त्याच्यावरही राज्य येऊ द्या

आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवरून गेले दीड महिने वाद चालू आहे. सांगलीत विश्रामबागच्या पुढे ज्या कॉलन्या झाल्या, त्यातली ही एक. जागा जेमतेम बारा गुंठे, मध्ये एक लिंबाचं झाड, कडेला घाणेरीची झुडपं, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात क्रिकेट. आता तिथे खेळणी बसवायचं ठरतंय. कॉलनीत आणि लगतच्या गल्ल्यांत मिळून पाच मुलं अशी आहेत, ज्यांना सरकारी कागदावर दिव्यांग किंवा विशेष गरजा असणारी म्हणतात. त्यांच्यासाठी काय करायचं यावर बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, कोपऱ्यात जाळी मारून त्यांना वेगळा भाग करून द्या, बिचारी सुरक्षित तरी राहतील. दुसरा म्हणतो, वेगळं काही नको, सगळी मुलं सारखीच, फाटक सगळ्यांना उघडं ठेवा की झालं. दोन्हीकडची माणसं चांगली आहेत, मुलांचं भलं चिंतणारी आहेत. पण दीड महिना सगळे जमिनीच्या तुकड्याबद्दल भांडताहेत आणि खेळाचा विषय अजून निघालेलाच नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ती जाळी नको, आणि नुसतं उघडं फाटकही पुरणार नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले एका माणसावर करा. रोज संध्याकाळी दोन तास मुलांच्यात राहील आणि खेळ सगळ्यांचा होतोय ना हे बघेल, अशा माणसावर. घसरगुंडी मागाहून आली तरी चालेल.

मराठी मुलांच्या खेळात एक जुनी सोय आहे. धाकटं भावंड मागे लागलं, त्याला घेतलं नाही तर ते रडत घरी जाणार आणि घेतलं तर डाव मोडणार, अशा वेळी मोठी मुलं म्हणतात, ‘घ्या रे त्याला, कच्चं लिंबू आहे ते.’ कच्च्या लिंबानं पळायचं, ओरडायचं, लपायचं. पण ते आउट झालं तरी आउट नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. कुणी न शिकवता मुलांनी काढलेली ही तोड मला फार शहाणपणाची वाटते. धाकटाही आत येतो आणि डावही चालू राहतो. मात्र ही सोय तात्पुरती असते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. वर्षभरात पोर जरा थोराड होतं आणि एके दिवशी कुणीतरी म्हणतं, ‘आता हा कच्चं लिंबू नाही हं.’ त्या दिवशी ते पोर घरी येतं ते वेगळ्याच ऐटीत. दिव्यांग मूल एकतर कट्ट्यावर बसून बघतं, नाहीतर कायमचं कच्चं लिंबू होऊन राहतं. आपण ज्याला मोठ्या अभिमानानं ‘सामावून घेणं’ म्हणतो, त्याची धाव बहुतेक वेळा इथवरच असते. त्याच्यावर राज्य येतं का? मला विचाराल तर सगळी परीक्षा या एका प्रश्नात आहे.

हे मला फार उशिरा कळलं. अठ्ठावीस वर्षं मी प्राथमिक शिक्षिका होते, त्यातली निम्मी वाड्यावस्त्यांवरच्या दुशिक्षकी शाळांत. एका शाळेत माझ्या वर्गात एक मुलगी होती, जन्मतःच दोन्ही पाय आत वळलेले. पी.टी.च्या तासाला मी तिला बाभळीखाली चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखायला बसवायची. मला तो जिव्हाळा वाटे. ऊन लागायला नको, कुणाचा धक्का लागायला नको, वर तिला जबाबदारीचं काम दिल्याचं समाधान. एकदा तास अर्ध्यात असताना खडू आणायला मी त्या बाजूने गेले. तिनं आठ चपला एका ओळीत मांडल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी तिच्या हातात होती आणि ती त्या ओळीभोवती पळत होती. समोर आणखी एक लहानशी चप्पल, ती पळणारा गडी. हातातली चप्पल ओळीतल्या एका चपलेला मागून टेकवून ती हळूच ‘खो’ म्हणायची, तिला उचलायची आणि तिच्या जागी पहिलीला बसवायची. मधूनच दिशा बदलली म्हणून स्वतःवरच फाउल धरायची. खो-खोचे सगळे नियम तिला पाठ होते, कदाचित मैदानातल्या पोरींपेक्षा जास्तच. दोन वर्षं ती माझ्या हाताखाली होती आणि ‘तुला खेळायचंय का?’ एवढंही मी तिला विचारलं नव्हतं.

कायदा या बाबतीत आपल्या खूप पुढे निघून गेला आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले, त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. त्याच कायद्याचं सोळावं कलम शिक्षणसंस्थांना सांगतं की दिव्यांग मुलांना प्रवेश द्या आणि शिक्षणाबरोबरच खेळाची, करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीनं द्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २००७ साली मंजूर केला. त्याच्या तिसाव्या अनुच्छेदात खेळाचा उल्लेख शाळेसकट आहे. तेव्हा ‘त्यांच्यासाठीही काहीतरी करूया’ असा दानधर्माचा सूर या चर्चेत कुणी लावू नये. पण कायदा मुलाला मैदानाच्या कडेपर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे डावात कोण घेणार?

जाळी मागणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. ते मांडणाऱ्यांत दोन त्याच मुलांच्या आया आहेत. त्यातली एक म्हणाली, ‘बाई, माझ्या लेकराला वेडा म्हणून दगड मारलेत इथे. मला मिसळणं नको, मला त्याला हसताना बघायचंय.’ यावर समावेशनाचं व्याख्यान देण्याची कुणाची छाती होईल? कर्णबधिर मुलांच्या शाळेत ज्यानं मधली सुट्टी पाहिली आहे त्याला आणखीही एक गोष्ट कळते. ती मुलं एकमेकांत असतात तेव्हा हातांची भाषा इतकी भरधाव चालते, इतकी थट्टामस्करी होते, की ऐकू येणाऱ्यांत आल्यावर तीच मुलं गप्प का होतात याचा उलगडा होतो. आपल्यासारख्यांत असण्याचा विसावा ही खरी गरज आहे आणि ती मिळालीच पाहिजे. पण तो विसावा मूल स्वतः निवडतं, हवं तेव्हा तिकडे जातं आणि हवं तेव्हा परत येतं. बाराच्या बारा गुंठ्यांतला एक कोपरा बाहेरच्यांनी आखून ‘तुझी जागा ही’ म्हणून दाखवला, तर त्याला विसावा कसं म्हणावं? शेजारच्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचं नाव शाळेच्या पटावर चढलं. तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पट पाहिला तर मूल शाळेत होतं. बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं की वर्गात त्यांना कोपऱ्यात एकटं बसावं लागे, आणि बसायचं गोणपाट सकाळी घरून आणून संध्याकाळी परत न्यावं लागे. जात आणि अपंगत्व एकच, असं मी म्हणत नाही. एकात द्वेष होता, दुसऱ्यात बहुधा काळजी असते. पण कोपऱ्यात बसलेल्या मुलाला हा फरक कितीसा दिसत असेल? आणि दगड मारणारी पोरं? जाळी लावल्यानं त्यांचा नेम चुकेल, त्यांच्या मनातलं काही बदलणार नाही. ज्याच्याबरोबर आपण एकाच संघात हरलोय, त्याला दगड मारणं मुलांना जड जातं.

आता उघड्या फाटकवाल्यांबद्दल. त्यांचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे म्हणूनच जास्त फसवा आहे. मुलं निरागस असतात, एकत्र सोडा, आपोआप मिसळतील. खरंच मिसळतात? मी अठ्ठावीस वर्षं मधली सुट्टी बघितली आहे. एकत्र सोडलेली मुलं आपोआप गट पाडतात, आणि गटातून पहिलं बाहेर पडतं ते संथ मूल, तोतरं मूल, मळक्या कपड्यांचं मूल. मिसळणं हे रोजचं काम असतं आणि ते कुणीतरी करावं लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली, १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. हे आपण दर वर्षी भाषणांत ऐकतो. त्या वसतिगृहाचं दार सर्वांना उघडं होतं, एवढ्यानं ते चाललं का? मुलं पाळीपाळीनं एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत, आणि घरात लक्ष्मीबाई होत्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कोण कुणाशेजारी बसतो, कुणाच्या ताटाला कोण नाक मुरडतो, हे बघणारं माणूस तिथे चोवीस तास होतं. उघड्या दाराचं श्रेय आपण लक्षात ठेवलं आणि दाराच्या आतले कष्ट विसरलो.

मला जे माणूस हवंय, त्याला आपल्याकडे अजून नाव नाही. अंगणवाडीताई म्हणतो तसं खेळताई म्हणू, खेळदादा म्हणू. यावर बैठकीतल्या एका ज्येष्ठांनी घेतलेला आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटला. ते म्हणाले, मोठं माणूस शिट्टी घेऊन आलं की खेळ मरतो, त्याची कवायत होते. अगदी बरोबर. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं खेळाची व्याख्या केली तीसुद्धा अशीच: जो मुलं स्वतः सुरू करतात, स्वतः चालवतात, ज्याची सक्ती नसते. म्हणून तर खेळताईचं काम शिट्टी मारायचं नाहीच. बहुतेक वेळ तिनं कडेला बसावं आणि डाव अडतो तिथे एखादा प्रश्न टाकून पुन्हा बाजूला व्हावं. आमच्या शेजारच्या गल्लीत एक कर्णबधिर मुलगी आहे. तिला खो-खोत घेत नाहीत, कारण ‘तिला खो ऐकू येत नाही.’ आता खो-खो हा तर पाठीवर हात पडण्याचा खेळ! खो घ्यायला तिला कान लागतातच कुठे? अडतं ते खो देताना, कारण तोंडानं म्हणावं लागतं. आणि शिट्टीपाशी, जी तिला कळत नाही. पाठीवर दोन थापा म्हणजे तिचा खो, आणि शिट्टीबरोबर रुमाल हलवायचा, एवढं मुलांनी ठरवलं तर ती आजच्या आज खेळेल. हे मुलांना सुचत नाही असं नाही. ‘मग हिनं खो कसा द्यायचा?’ असं त्यांना कुणी विचारत नाही.

नियम बदलले तर खेळाची मजा जाते, हा दुसरा आक्षेप. गल्लीतल्या क्रिकेटचे नियम कुणी कधी मोजलेत? एक टप्पा आउट. गटारात गेला तर दोनच रन. ज्यानं मारला त्यानंच आणायचा. आणि आमच्या ओपन स्पेसवर पंचवीस वर्षं चालत आलेला नियम: पूर्वेच्या बंगल्याच्या कंपाउंडात बॉल गेला की थेट आउट, कारण तिथल्या काकांची काच एकदा फुटली होती. शेजाऱ्याच्या काचेसाठी जी मुलं खेळाचा नियम वाकवतात आणि तरीही अंधार पडेपर्यंत मजेत खेळतात, ती मित्राच्या पायासाठी का नाही वाकवणार? अंध मुलांच्या क्रिकेटमध्ये बॉलच्या आत छर्रे असतात, त्याच्या आवाजावर खेळ चालतो, बॉलिंग हात खाली ठेवून करतात. त्यात चुरस कमी असते असं तो एकदा पाहिलेला माणूस म्हणणार नाही. आणि आपल्या जुन्या खेळांकडे तरी बघा. लंगडीत धरणाऱ्यानं एका पायावर यायचं, आंधळ्या कोशिंबिरीत ज्याच्यावर राज्य त्यानं डोळे बांधायचे. अवघड करून घेण्यातच मजा असते, हे मुलांना आपल्याआधी कळलेलं आहे.

लागण्या-पडण्याची भीती खरी आहे. एका मुलाला फिट येते. एक स्वमग्न मुलगा आवाज वाढला की कान दाबून सरळ रस्त्याकडे धाव घेतो. म्हणून रस्त्याच्या बाजूला भक्कम कुंपण हवंच, पण ते अख्ख्या मैदानाला हवं, म्हणजे सगळीच मुलं आत. आणि फाटकात मोटारसायकली येऊ नयेत म्हणून जे नागमोडी लोखंडी पाइप बसवायचं ठरलंय, त्यातून व्हीलचेअर जात नाही, वॉकरही अडकतो. खेळण्यांखाली वाळू-खडी पसरली तर चाक तिथेच रुतणार. हे नकाशावर पेन्सिल असतानाच बदलता येतं. बाकी पडणं-झडणं म्हणाल, तर आपल्या धडधाकट मुलांना गुडघे फोडून घ्यायची मोकळीक आपण न बोलता देतोच ना? कधीच न पडलेल्या मुलाला, पडल्यावर उठायचं कसं हे कोण शिकवणार?

आधी उपचार, मग खेळ, असंही पुष्कळ पालक म्हणतात, आणि त्यांची ओढाताण मी रोज बघते. आठवड्यातून तीनदा मिरजेला फिजिओथेरपी, दोनदा स्पीच थेरपी, रिक्षाचं भाडं, बापाचा बुडालेला रोज. या मुलांचं अख्खं बालपण सरावात जातं. मणी ओवले तर ते बोटांसाठी, झोका घेतला तर तो तोलासाठी, गाणं म्हटलं तर ते उच्चारांसाठी. कशासाठीही नसलेली एक संध्याकाळ त्यांच्या वाट्याला येत नाही. आईबापांनाही दोन तास कुणाच्या भरवशावर मूल सोडून पाठ टेकता येत नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनांवर २०११पासून ही कायदेशीर जबाबदारीच आहे, की दिव्यांग मुलांच्या पालकांना विसावा मिळेल अशा सेवा द्यायच्या, आणि त्यात घराबाहेरचे खेळ आणि विरंगुळाही धरलेला आहे.

लगेच कुणीतरी म्हणेल, ते श्रीमंत देश, त्यांना परवडतं. पण ही कल्पना वाढली कशी ते बघा. १९४३ साली, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप वस्तीत एक खेळाचं मैदान निघालं. तिथे विकतची खेळणी नव्हती. फळ्या, विटा, दोऱ्या, माती, टाकाऊ सामान. पण मुलांबरोबर राहायला जॉन बर्टेल्सन नावाचा माणूस पहिल्यापासून नेमलेला होता. युद्ध संपल्यावर ते मैदान लेडी अ‍ॅलन या इंग्रज बाईंनी पाहिलं, आपल्या देशात ती कल्पना नेली, आणि पुढे त्यांच्याच प्रयत्नातून १९७० साली लंडनच्या चेल्सीत दिव्यांग मुलांसाठी तसंच मैदान उभं राहिलं. तोफांच्या काळात, भंगारातून जे जमलं, ते आमच्या बारा गुंठ्यांना परवडणार नाही? खेळण्यांचं कोटेशन मी पाहिलं आहे. त्यातला प्लास्टिकचा एक किल्ला कमी केला तर एका ताईचं वर्षाचं मानधन निघतं. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सगळ्यांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा शासनाचा आदेशच आहे. सायकली, यंत्रं, अनुदानं याच पैशातून दिली जातात आणि ती दिलीच पाहिजेत. त्यातून रोजचे दोन तास विकत घेण्याचा प्रस्ताव मात्र मी अजून कुठल्या सभेत ऐकलेला नाही.

बैठकीत एकानं माझ्या बाजूनं बोलताना मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतलं. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठचे, १९६५च्या युद्धात जायबंदी झालेले, १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारे. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य मिळवलं. शाळकरी वयातल्या अपघातानं त्यांचा एक हात अधू झालेला. दोघांचाही मला जिल्हाकर म्हणून अभिमान आहे. पण माझ्या बाजूनं हा दाखला नको. पदकाची आशा दाखवून खेळायची परवानगी मिळवायची असेल, तर ज्या मुलाला कधीच पदक मिळणार नाही त्याचं काय? गल्लीत विटीदांडू खेळणाऱ्या बाकीच्या पोरांना आपण कधी विचारतो का, की तू पुढे काय होणार?

गेल्या मे महिन्यात आम्ही थोडं करून पाहिलं. आमच्या शेजारी डी.एड. झालेली एक मुलगी आहे. तिनं महिनाभर रोज सहा ते आठ लिंबाखाली बसायचं कबूल केलं. आमच्या गल्लीत सेरेब्रल पाल्सी असलेला नऊ वर्षांचा मुलगा आहे, वॉकर घेऊन चालतो, बोलणं जड आहे पण कळतं. पहिला आठवडा तो कट्ट्यावरच. दुसऱ्या आठवड्यात लपाछपीत आला तो कच्चं लिंबू म्हणून, कारण वॉकरच्या आवाजानं तो लपला की लगेच कळायचा. ताईनं एवढंच विचारलं, ‘ह्याच्यावर राज्य आलं तर कसं खेळाल?’ पोरं पाच मिनिटं भांडली. मग ठरलं की त्यानं लिंबाला टेकून शंभर म्हणायचे, जागेवरून हलायची गरज नाही, जो दिसेल त्याचं नाव आणि जागा बरोबर सांगितली की आउट. बाकीच्यांनी मागून येऊन पाठीला हात लावला की धप्पा. पहिल्याच दिवशी एका मुलीनं टाकीच्या आडून येऊन त्याला धप्पा दिला. तो लालबुंद झाला. अडखळत, थुंकी उडवत ओरडायला लागला, ‘तू आधी दिसलीस! मी नाव घेतलं होतं!’ ती म्हणाली, ‘खोटारडा, काही घेतलं नव्हतंस.’ दोन्हीकडून चार-चार साक्षीदार उभे राहिले. ताई उठली नाही, आणि मी उठायला निघाले तर तिनं माझा पदर धरून मला खाली बसवलं. शेवटी पोरांनी निकाल मुलीच्या बाजूनं दिला. त्यानं वॉकर दाणकन आपटला, मग लिंबाकडे तोंड केलं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला. दिवेलागणीपर्यंत त्याच्यावर तीनदा राज्य आलं.